पंखांचा सांधा

बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात सिरसाळा हे गाव आहे. या भागात ज्वारी निघाली, की मुले वाळलेल्या ताटाची साल सोलून आतल्या पांढऱ्या भेंडाच्या गाड्या आणि बैलजोड्या करतात. सालीची काडी भेंडात टोचली, की जोड पक्का झाला. सरसाचे तेथे कामच नसते. म्हणून सातवीत शिकणाऱ्या येथील एका मुलाने जेव्हा लाकडाचे छोटे विमान करावयास घेतले, तेव्हा पहिली अडचण आली ती सरसाचीच.

विमानासाठी त्याने बाल्सा लाकडाच्या पट्ट्या शहरातून मागविल्या होत्या. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड. आपल्या काटेसावरीचे ते भाऊबंदच म्हणावयाचे. त्याचे लाकूड इतके हलके, की हातभर पट्टी तळहातावर ठेवली तरी तिचा भार जाणवत नाही. मुलाने 60 सेंटिमीटर लांबीचा पंख दोन भागांत तयार केला. फासळ्या बसविल्या, दोन्ही भाग मध्यावर जोडले, आणि जोड निसटू नये म्हणून पांढरा सरस सढळ हाताने ओतला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात विमान सोडले. ते उजवीकडे कलले, अर्धी गिरकी घेऊन जमिनीवर आदळले, आणि पंख नेमका सांध्यात तुटला.

तुकडे घेऊन तो गल्लीतील सुतारमामांकडे गेला.

"मामा, सरस कमी पडला वाटतं."

मामांनी तुटलेली टोके उजेडाकडे धरून पाहिली. "कमी नव्हे, लेकरा, फार झाला. लाकूड लाकडाला टेकलंच नाही. मधे नुसता सरस उभा होता."

मामांचे म्हणणे खरे होते. सरस ओला असताना फट भरून निघाल्यासारखी दिसते. परंतु त्यातील पाणी लाकडात मुरले व हवेत उडाले, की सरस आकसतो आणि आत पोकळी राहते. याउलट, दोन्ही पृष्ठे एकमेकांस चोख भिडली आणि त्यांमध्ये सरसाचा पातळसा थर राहिला, तर तो दोन्हीकडच्या लाकडाच्या धाग्यांत शिरून त्यांना धरून ठेवतो. जास्तीच्या सरसाने आणखी एक घात केला होता. उजव्या टोकाच्या फासळीपाशी त्याचा ओघळ वाळून गोळा झाला होता. तो असेल थेंबाएवढा. पण मध्यापासून इतक्या दूर असलेले थोडेसे वजनही तराजूच्या दांडीच्या टोकाशी ठेवलेल्या वजनासारखे काम करते. विमान उजवीकडे कलले ते यामुळेच.

मामांनी पूर्वी जनावरांच्या कातड्याचा सरस आगीवर शिजवून वापरला होता. त्याचा वास घरभर पसरे, आणि तो कोमट असेतोच काम उरकावे लागे. फेव्हिकॉल 1959 साली बाजारात आले, आणि सुतारांची ही दगदग पुढे सरली. "सरस बदलला," मामा म्हणाले, "पण सांधा तोच आहे. तो आधी कोरडा बसला पाहिजे."

मग त्यांनी एका टोकावर कोळशाची भुकटी चोळली व दुसरे टोक त्यावर दाबून उचलले. जेथे डाग उमटला तेवढाच भाग उंच होता. तो पॉलिश कागदाने हळूच घासावयाचा, पुन्हा दाबून पाहावयाचे. असे करता करता डाग सर्वत्र सारखा पडू लागला. मग भुकटी स्वच्छ पुसून काढली. आडव्या कापलेल्या टोकांत लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात व ती सरस पिऊन टाकतात. म्हणून आधी एक पातळ हात देऊन तो मुरू दिला, आणि मगच दुसरा दिला. सपाट फळीवर मेणकागद पसरून त्यावर एक भाग टाचण्यांनी बसविला. दुसऱ्या भागाच्या टोकाखाली 6 सेंटिमीटर उंचीचा ठोकळा ठेवला. पंखांची टोके अशी किंचित वर असली, म्हणजे कललेले विमान आपोआप सावरते. बाहेर आलेला सरस ओला असतानाच काडीने काढून टाकला.

एका लहानशा विमानासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणासही वाटेल. परंतु फटीचा हाच धडा मोठ्या विमानांच्या कारागिरांनाही घ्यावा लागला, आणि तो फार महागात पडला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी विमान बांधले. नोव्हेंबर 1940 मध्ये ते प्रथम उडाले. बर्च लाकडाच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून त्याचा सांगाडा केला जाई. त्याच्या धडाचे दोन उभे अर्धभाग वेगळे घडवून मग एकत्र चिकटवीत. खेळण्यातले विमान जोडतात अगदी तसे! फर्निचर घडविणारे कारागीर या कामी लागले होते. विमान वेगवान ठरले. पण 1944 साली हिंदुस्थानात असलेल्या काही मॉस्किटो विमानांचे पंख उडता उडता मोडले, आणि वैमानिक प्राणास मुकले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील मॉस्किटो जमिनीवर थांबविण्यात आली.

प्रथम दोष येथील हवेला देण्यात आला: उन्हाने आणि पावसाळी दमटपणाने लाकूड व सरस बिघडले असावे. तर्क सोयीचा होता. पुढे इंग्लंडातील विमाने तपासली, तेव्हा ज्यांनी आपला पावसाळा कधी पाहिलाच नव्हता त्यांच्याही सांध्यांत तोच दोष आढळला. मूळ बांधणीतच हयगय झाली होती. पंखाचा मुख्य तुळवा आणि वरचे प्लायवूड जेथे मिळते, तेथला जोड सदोष होता. वरून पाहणाऱ्यास ते दिसणे शक्य नव्हते. अखेर त्या जोडावर पंखाच्या लांबीने प्लायवूडची पट्टी चिकटविण्यात आली.

मामांनीही मुलाच्या पंखाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी प्लायवूडचा पातळ तुकडा बसविला, आणि रात्रभर त्याला हात लावू नकोस म्हणून बजावले. मुलाने सकाळी शाळेत जाताना फक्त लांबून पाहिले. संध्याकाळी दोन बोटांच्या टोकांवर विमान तोलले, तेव्हा ते कोणत्याही बाजूस झुकले नाही.

पटांगणात ते हातातून सुटले आणि सरळ तरंगत गेले. पलीकडच्या लिंबाच्या फांदीला त्याच्या डाव्या पंखाचे टोक लागले व मोडले. मुलाने धावत जाऊन ते उचलले आणि आधी मधल्या जोडावर अंगठा फिरविला. तो जागचा हलला नव्हता.