भात सोडला, तरी साखर का उतरत नाही?

प्रश्न : वय ६१, मधुमेहासाठी गोळ्या घेतो. भात पूर्ण वर्ज्य करून दोन्ही वेळा तीन-तीन ज्वारीच्या भाकऱ्या खातो, उपवासाला साबुदाणा. तरी जेवणानंतरची साखर उतरत नाही. आता भाकरीही सोडावी काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भाकरी सोडू नये, आपला निग्रह आदरणीय आहे, परंतु दोष केवळ भाताचा, हा समज मात्र सोडावा, कारण शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, तर तितक्याच ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय द्रव्य असते, आणि ज्वारीतील तंतूंमुळे शर्करा काहीशी सावकाश चढत असली, तरी तीन भाकऱ्यांचे पिष्ट अखेर रक्तात उतरतेच. एक भाकरी, किंवा तिच्याऐवजी लहान वाटीभर भात, आणि तोही भाजी, उसळ वा मासळी आधी खाऊन, अशी तजवीज करावी. कोकणातल्या माणसाला भाताची आजन्म मनाई करण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपवासाला थोडी वरी, दाण्याची आमटी व ताक बरे. जेवणाला आरंभ केल्यापासून दोन तासांनी शर्करा तपासावी. ती सामान्यतः १८० च्या आत असावी.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो : ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असल्यास, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्यावाचून पिष्ट एकाएकी घटवू नये, उपवासही करू नये. शर्करा फार उतरून घाम, थरकाप जाणवल्यास तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी.