‘इंजिन तेच आहे, मालक’

मोटारसायकलीच्या बाजारात गिऱ्हाइकाला निर्धास्त करणारी जी काही ठरावीक वाक्ये आहेत, त्यांत ‘इंजिन तेच आहे’ हे वाक्य सर्वांत खरे, आणि म्हणूनच सर्वांत फसवे आहे, असे माझे मत झाले आहे. ते मत बनण्यास माझ्या पुतण्याची हस्कवर्ना स्वार्टपिलेन २५० ही गाडी, वडाळ्याकडच्या रानातली एक गाडीवाट आणि आमच्या सोलापुरातील सुट्या भागांचे एक दुकान, या तिन्ही गोष्टी कारणीभूत झाल्या. परंतु त्या हकिकतीकडे वळण्यापूर्वी या यंत्रकुळाची वंशावळ सांगणे प्राप्त आहे, कारण तिच्यावाचून पुढील मजकूर उलगडावयाचा नाही.

ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीत बजाज ऑटोने २००७ साली साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, आणि २०१२ च्या जानेवारीत चाकणच्या कारखान्यात तयार झालेली २०० ड्यूक आपल्या बाजारात आली. हस्कवर्ना हे मूळचे स्वीडनमधील बंदुका करणारे घराणे. १९०३ पासून मोटारसायकली करीत आलेले, पुढे इटालियन व जर्मन मालकांच्या हातांतून फिरून २०१३ मध्ये केटीएमच्या प्रमुखांच्या पदरी पडले. स्पेनमधील गॅसगॅस २०१९ साली याच गोतावळ्यात आली. २०२४ च्या नोव्हेंबरात खुद्द केटीएमवरच दिवाळखोरीची पाळी ओढवली आणि २०२५ मध्ये बजाजने पैसा ओतून कारभार हाती घेतला, तेव्हा एकेकाळचा धाकटा भागीदार घराचा कर्ता झाला.

अशा एका छपराखालच्या भगिनी एकमेकींचे किती दागिने घालतात आणि कोणते स्वतंत्र ठेवतात, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. चिखलातल्या शर्यतींसाठीच ज्या एन्ड्युरो गाड्या केल्या जातात, त्यांत केटीएम आणि हस्कवर्ना यांचे इंजिन व मुख्य सांगाडा जवळजवळ एकच. पण केटीएमचा मागचा शॉक मधल्या सांध्यांवाचून थेट स्विंगआर्मला जोडलेला, तर हस्कवर्नाचा लिंकेज नावाच्या सांधेजोडणीतून काम करणारा. गॅसगॅसमध्ये काही महागडी जोडसामग्री वगळून किंमत खाली आणलेली. कागदावर हा भेद किरकोळ दिसतो. मात्र लिंकेजमध्ये बेअरिंगे असतात आणि ती खाली, चिखलाच्या वाटेत असतात. आमच्या काळ्या मातीचा राडा एकदा त्यांत शिरला, की ती खोलून, धुऊन, ग्रीस भरल्यावाचून गत्यंतर नाही.

उलट प्रकारही आहे. बजाजची पल्सर २०० एनएस आणि केटीएमची २०० ड्यूक एकाच वर्षी आल्या. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९ मिलिमीटर, सबब ‘इंजिन तेच’ हा डंका तेव्हाही पिटला गेला. परंतु सिलिंडरच्या माथ्यावर ड्यूकला दोन कॅमशाफ्ट, एनएसला एकच. एनएसला तीन स्पार्कप्लग, ड्यूकला एक. ड्यूकला इंधन-इंजेक्शन, एनएसला त्या वेळी कार्बुरेटर. चाकणला ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्याही होतात, पण त्यांचे इंजिन निराळे. म्हणजे कारखान्याचे फाटक एक असले, तरी नात्याची खातरजमा स्वतंत्रपणेच करावी लागते.

आता पुतण्याची गाडी. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या या स्वार्टपिलेनचे २४८.८ सीसीचे इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि पुढचे ४३ मिलिमीटरचे फोर्क ही सारी ड्यूक २५० च्या नात्यातली. निराळे काय, तर वाटोळा दिवा, वाटोळे मीटर, हँडल, बैठक, सायलेन्सर आणि अवघी साडेनऊ लिटरची टाकी. खरेदीच्या वेळी ही यादी वाचून आम्हा सर्वांचे समाधान झाले होते, कारण महत्त्वाचे ते सर्व सामाईक आणि शोभेचे तेवढे स्वतंत्र, असा तिचा सरळ अर्थ लागत होता. तो अर्थ सडकेवर बरोबरही आहे; रानात तो नेमका उलटा होतो.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, नान्नज मागे टाकून वडाळ्याकडे जाणाऱ्या एका गाडीवाटेवर पुतण्याने गाडी घातली. त्या मातीचा अनुभव ज्यास नाही त्याला सांगितले पाहिजे, की ती उडत नाही, चिकटते; चाकावर थरावर थर चढून मडगार्डच्या आतली पोकळी भरून निघते आणि पुढचे चाक जागच्या जागी अडकते. वेग माणसाच्या चालीचा असेल-नसेल. गाडी आडवी झाली, पोराला खरचटलेही नाही. पण दिव्याची चौकट मोडली, हँडल वाकले आणि टाकीवरचे आच्छादन तडकले. इंजिनाला ओरखडासुद्धा नव्हता. क्लचच्या प्लेटा, ऑइल फिल्टर, ब्रेकचे पॅड हे सारे ड्यूकच्या कप्प्यातून हाताशी मिळाले असते, पण त्यांची गरजच नव्हती. जे मोडले होते, ते प्रत्येक घराण्याने आपापली ओळख म्हणून वेगळे राखलेले, बाहेरच्या अंगाचे भाग होते, आणि ते मागवावे लागणार होते. पडणारी गाडी बाहेरूनच मोडते, हे सांगायला एरवी कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नसावी.

खरे नुकसान यापुढचे आहे. भाग येईपर्यंत गाडी उघडीच होती, तेव्हा दुकानदाराने सल्ला दिला, “मालक, रानात फिरवायची तर ३९० अ‍ॅडव्हेंचरचे जुने फोर्क पडलेत माझ्याकडं, ते बसवून टाकू. पाइप तोच, ४३ चा. काय फरक न्हाई बघा.” पाइपाची जाडी खरोखरच तीच होती. परंतु अ‍ॅडव्हेंचरच्या फोर्काची धाव १७० मिलिमीटर आणि मूळ फोर्काची १४२. ते बसविताच गाडीचे नाक वर उठले, वळताना ती अंगावर येईनाशी झाली, पुढचे चाक अधांतरी धरले की ब्रेकची नळी तारेसारखी ताणली जाऊ लागली, आणि साइड-स्टँड आखूड पडून गाडी इतकी कलली, की एका रात्री अंगणातल्या शहाबादी फरशीवर ती आपोआप निजली.

पुढे तुळजापूर रस्त्यावर एका टेंपोने ती घासली, तेव्हा विम्याच्या सर्व्हेअरने पहिला शेरा मारला तो या परक्या फोर्कावर, आणि दावा अडकला. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी-दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. फोर्क त्या मनाईत बसतो की नाही, हा वकिलांचा वाद. पण तो घालण्याची वेळ येणे, हाच शिक्षेचा निम्मा भाग होय.

म्हणून भगिनी-गाड्यांपैकी एक घेऊ पाहणाऱ्यांस माझे सांगणे असे. विक्रेत्याला इंजिनाविषयी विचारू नका. दिवा, हँडल, लिव्हर, इंडिकेटर, रेडिएटर आणि टाकीचे आच्छादन यांची किंमत व मिळण्याची मुदत विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. दोन भाग एकच आहेत असे कोणी म्हणाले, तर दोन्ही गाड्यांच्या अधिकृत सूचीतील त्यांचे क्रमांक जुळवून पाहा. क्रमांक अक्षरशः तोच असेल तर बेलाशक बसवा, आणि एका अंकाचाही फरक असेल तर तो का आहे, हे कळेपर्यंत पैसे देऊ नका. कारखान्याने दुसरा क्रमांक उगाच दिलेला नसतो, आणि ‘पाइप तोच’ हा काही क्रमांक नव्हे. फोर्कासारख्या भागात तर जाडीपेक्षा धाव आधी विचारावी.

गाडी मुख्यतः डांबरी सडकेवर चालवायची असेल, तर या भगिनींपैकी जी डोळ्यांना रुचेल ती खुशाल घ्यावी; इंजिनाची निगा सारखीच राहील. पण रानात घालण्याचा आणि पर्यायाने पाडण्याचा मनसुबा असेल, तर आपल्या गावात त्या घराण्यातील जी गाडी संख्येने सर्वांत अधिक फिरते, तीच घ्यावी, मग ती दिसायला कितीही सामान्य असो. पुतण्याच्या गाडीला आम्ही मूळ फोर्क पुन्हा बसवून घेतले आहेत, आणि पावसाळ्यात ती आता वडाळ्याच्या वाटेला जात नाही.