पाणी सगळं बदलू नका

मुलांसाठी घरात माशांची नवी टाकी आणणाऱ्या आईबाबांशी थोडं मनातलं बोलायचं आहे. वाढदिवसाला किंवा परीक्षा संपली की क्रॉफर्ड मार्केटमधून, नाहीतर गावातल्या दुकानातून टाकी येते. सोबत फुगवलेल्या पिशवीत पाच-सहा गप्पी, मोली किंवा गोल्डफिश. आठवडा होत नाही तोच पाणी दुधट दिसू लागतं आणि घरातली मोठी माणसं कामाला लागतात. टाकी रिकामी, खडे नळाखाली, फिल्टरचा स्पंज घासून लख्ख, सगळं पाणी नवं. दोन दिवसांत एखादा मासा आडवा तरंगताना दिसतो आणि मूल विचारतं, “आपण तर सगळं स्वच्छ केलं होतं ना?”

या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला मिळायला हवं. “तूच जास्त खायला घातलंस” हे ते उत्तर नव्हे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. तळ्यात तो विरून जातो, पन्नास लिटरच्या टाकीत साचतो आणि कल्ल्यांनाच इजा करतो. त्याचा निपटारा जिवाणू करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र थोडं असेल तर मासे सोसतात. हे उपकारी जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. आपण जो थर घाण म्हणून घासून टाकतो, तोच माशांना जगवत असतो. सुरुवातीचा दुधटपणाही बहुधा जिवाणूंच्याच वाढीमुळे येतो आणि काही दिवसांत आपसूक निवळतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, टाकी आधी आणा आणि मासे महिन्या-दीड महिन्याने. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, विरजण लावतो तसा. मूल रोज विचारेल, मासे कधी? विचारू दे. अमोनिया तपासायचे थेंब दुकानात मिळतात, ते त्याच्या हाती द्या. पिवळा रंग हिरवा झाला की अमोनिया आहे. तारीख आणि रंग त्याने वहीत लिहावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे छान जमतं, आणि वाट पाहण्यालाही काम मिळतं.

मासे आधीच आले असतील तर घाबरू नका, पण रोज लक्ष द्या. थोडं थोडं पाणी वारंवार बदलायचं. दोन फुटी टाकीत एका वेळी पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण दहा लिटर, अर्धी बादली. चाचणीत अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर एकदम अर्धं पाणी बदलायला हरकत नाही; स्पंज आणि खड्यांना मात्र हात लावू नका. स्पंज तुंबलाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा, नळाखाली नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की बरंचसं उडून जातं. तरी दुकानातलं अँटी-क्लोरीन घालणं अधिक खात्रीचं. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, त्या दिवशी ते पाणी माशांना नकोच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं, डिसेंबरात गारठतं. बादलीत आणि टाकीत हात घालून दोन्ही सारखं लागलं तरच ओता. हात घालण्याआधी हीटर, फिल्टरचे प्लग काढायचे, हे काम मोठ्यांनीच करा. काढलेलं पाणी कुंड्यांना घालायला मुलांना द्या, झाडांना ते मानवतं.

एवढं करूनही एखादा मासा दगावू शकतो. मूल शाळेत असताना गुपचूप तसाच दुसरा आणून सोडू नका. मुलांना कळतं, आणि मग आपण सांगितलेल्या इतर गोष्टींवरचा त्यांचा भरवसाही डळमळतो. त्याला जवळ घ्या, रडू द्या, मग दोघं मिळून पाणी तपासा आणि वहीतल्या नोंदी बघा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तसंच राहिलं, तरच पुढचे मासे आणायला जा, आणि एका वेळी दोनच आणा.