पदक मागू नका, नोंद मागा

सैन्यातली नोकरी दोन ठिकाणी होते, सरहद्दीवर आणि कागदावर. सरहद्दीवरची नानांनी चोख केली. कागदावरची मात्र दुसऱ्यांच्या हाती होती आणि ती अर्धवट राहिली. नाना वारल्यानंतर मी ती पुरी करून घ्यायला लागलो. त्या खटपटीत जे कळलं ते बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव भागातल्या फौजी घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे.

नाना म्हणजे माझे वडील. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य वाढवायला घेतलं, तेव्हा १९६३ साली ते भरती झाले. पंधरा वर्षं नोकरी करून १९७८ साली पेन्शनवर सटाण्याला परतले आणि मग शेवटपर्यंत शेतीच केली. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात तीनच ओळी आहेत: जम्मू-काश्मीर क्लास्पसह सैन्य सेवा पदक, १९६५ चं रक्षा पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचं पदक. १९७१ च्या युद्धाचा उल्लेखच नाही. आणि १९७१ च्या डिसेंबरात नानांची पलटण छांबच्या आघाडीवर होती. मुनव्वर तवी नदीचं नाव त्यांच्या बोलण्यात कायम असायचं. तिथल्या थंडीनं बधिर झालेली पायाची बोटं ते आम्हाला दाखवायचे.

हयातीत त्यांनी १९७१ च्या पदकांसाठी एक अर्ज केला होता. त्यावर रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं, की अभिलेखात या पदकांची नोंद नाही, सबब देता येत नाहीत. नानांनी ते पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि विषय सोडून दिला. आई म्हणते, “त्यास्नी कधी कोनाकडे काही मांगं नही.” खरं आहे. पण अशा स्वाभिमानी माणसांच्याच नोंदी सर्वांत जास्त अपुऱ्या राहतात, हे मी आता ठामपणे सांगू शकतो.

त्या पत्रात चूक अशी काहीच नव्हती. पदक मागितलं की कारकून शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेचा रेकॉर्ड ऑफिसमधला अभिलेख, उघडतो, पदकांचा रकाना बघतो आणि तिथं जे असेल तेच कळवतो. रकानाच अपुरा असेल, तर पदकाचा अर्ज कितीही वेळा केला तरी उत्तर तेच येणार. मागायची असते ती नोंदीची दुरुस्ती, आणि दुरुस्तीला पुरावा लागतो. पदक त्यानंतरची गोष्ट.

आधी हक्क नेमका कशावर आहे ते ठरवावं. यातलं बरंचसं नुसत्या तारखांवरून कळतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जो होता, त्याला पन्नासाव्या वर्षाचं. दीर्घ सेवेची पदकं नऊ, वीस आणि तीस वर्षांवर मिळतात. १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार आणि त्याखेरीज संग्राम पदक. १९६५ च्या युद्धासाठी प्रत्यक्ष लढाईच्या टापूत असलेल्यांना समर सेवा स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना, ठरावीक दिवसांची नोकरी झालेली असली तर, रक्षा पदक. भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख डिस्चार्ज बुकात असतेच. ती घेऊन बसलं की निम्मा हिशोब घरीच होतो. नानांच्या बाबतीत पंचविसाव्या वर्षाच्या पदकाला वादाची जागाच नव्हती. १९७२ च्या ऑगस्टात ते नोकरीत होते, हे त्यांचं पेन्शनच सांगत होतं. तरीही नोंद नव्हती.

१९७१ च्या पदकांची नोंद का नव्हती, ते शीट रोलची प्रत हाती आल्यावर कळलं. ही प्रत माहिती अधिकारात मिळते. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आईच्या नावानं अर्ज, सोबत नात्याचा पुरावा आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत. गेलेल्या माणसाची माहिती खासगी म्हणून नाकारली जाऊ शकते, म्हणून नात्याचा पुरावा पहिल्याच अर्जाला जोडावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

आलेली पानं झेरॉक्सची झेरॉक्स होती. कडेला टाचणीच्या गंजाचे डागसुद्धा काळे उमटले होते. मी पदकांचा रकाना बाजूला ठेवला आणि बदल्यांचा वाचला. तिथं इंग्रजीत दोन आखूड शेरे सारखे येतात: एसओएस, म्हणजे या युनिटच्या पटावरून कमी केलं, आणि टीओएस, म्हणजे त्या युनिटच्या पटावर घेतलं. प्रत्येकापुढे तारीख आणि पार्ट टू ऑर्डरचा, म्हणजे युनिटच्या सेवानोंदींच्या आदेशाचा, क्रमांक. नाना त्यांच्या पलटणीच्या पटावरून १९७२ च्या फेब्रुवारीत कमी झाले होते आणि एका ट्रेनिंग सेंटरच्या पटावर चढले होते. सगळा घोळ या एका ओळीत होता. १९७१ ची पदकं सरकारनं जाहीर केली ती युद्ध संपल्यावर. मग प्रत्येक युनिटनं आपापल्या जवानांच्या याद्या केल्या. पलटणीनं यादी केली तेव्हा नाना तिथं नव्हते आणि ट्रेनिंग सेंटर काही लढाईत नव्हतं. दोन युनिटांच्या मधल्या फटीत माणूस राहून गेला. पण ज्या ओळीमुळे ते सुटले, तीच ओळ आता पुरावा होती: ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं तेव्हा आणि १७ ला पश्चिमेची तोफ थांबली तेव्हा नाना पलटणीच्याच पटावर होते.

ज्यांच्या घरी युद्धानंतर लगेच बदली, डेप्युटेशन, लांब रजा किंवा दवाखान्यातला मुक्काम झालेला आहे, त्यांनी हा रकाना आधी बघावा. माझ्या मते सुटलेल्या पदकांचं सर्वांत मोठं कारण हेच असतं.

आता पटावर असणं आणि आघाडीवर असणं यात फरक आहे. रजेवर असलेलाही पटावर असतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो. आमच्याकडे आईनं जपून ठेवलेली अंतर्देशीय पत्रं होती. पत्ता नेहमीचाच, मार्फत ५६ एपीओ, त्यावरून ठिकाण कळत नाही. पण तारखांवरून ते त्या दिवसांत घरी नव्हते हे तर दिसतं. त्याहून वजनदार ठरलं ते त्यांच्यासोबत असलेल्या एका सुभेदार काकांचं प्रतिज्ञापत्र. काकांनी स्वतःचा सेवा क्रमांक, स्वतःच्या पश्चिमी स्टारची नोंद आणि ‘१९७१ च्या डिसेंबरात छांबला आम्ही दोघं एकाच प्लाटूनमध्ये होतो’ हे वाक्य, एवढंच लिहून दिलं. जास्त काही लिहू नये. शौर्याचं वर्णन तिथं कामाचं नसतं; तारीख, ठिकाण, क्रमांक कामाचे असतात. १९७१ ला विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. साक्षीदार हयात आहेत तोवर हे काम करायला हवं, नंतर कितीही पैसे मोजले तरी होणार नाही.

घाईचं आणखी एक कारण आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पेन्शनला न पोचता सुटलेल्या जवानाची सेवेची कागदपत्रं सैन्याच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. त्यानंतर उरतं ते लाँग रोल नावाचं रजिस्टर, आणि त्यात माणूस जेमतेम एका ओळीत असतो. ‘कागदपत्रं नष्ट झाली’ असं उत्तर आलं म्हणून हात टेकू नका. लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत मागा, त्याला घरातलं डिस्चार्ज बुक जोडा. अशा घरात ते डिस्चार्ज बुक हाच एकमेव पूर्ण कागद असू शकतो. म्हणून तो हातातून सोडायचा नाही. इकडच्याच एका वीरपत्नीचं मूळ डिस्चार्ज बुक ‘मी काम करून देतो’ म्हणणाऱ्या माणसानं नेलं आणि ते परत आलंच नाही. मूळ कागद कुणालाही देऊ नये, टपालानंही पाठवू नये. साक्षांकित प्रती पाठवाव्यात, स्पीड पोस्टनं, आणि पावती अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीला तिथल्या तिथं टाचावी. नोंदीच्या दुरुस्तीला रेकॉर्ड ऑफिसची फी नसते, हेही सांगून ठेवतो.

अर्ज कुणाच्या नावानं? पत्नी हयात असेल तर तिच्याच. मुलगा कितीही शिकलेला असला तरी रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी पहिली वारस तीच, आणि कुटुंब पेन्शनमुळे तिची ओळख तिथं आधीच सिद्ध झालेली असते. ती गेल्यावर मात्र वारस दाखला आणि भावाबहिणींची ना हरकत, एवढं सगळं उभं करावं लागतं.

नावांचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. भरतीच्या वेळी हिंदी पट्ट्यातल्या कारकुनानं कानाला जसं आलं तसं लिहिलेलं असतं. सोनवणेमधला ‘व’ कुठं ‘डब्ल्यू’, कुठं ‘व्ही’. काहींचं आडनावच नाही, नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव. त्यात आपल्या तालुक्याचं नाव बागलाण आणि मुख्य गाव सटाणा, त्यामुळे एका कागदावर ‘तालुका बागलाण’ तर दुसऱ्यावर ‘तालुका सटाणा’. देवळा तालुका तर नंतर झाला. तिथल्या जुन्या फौजींच्या कागदांवर कळवण वगैरे असतं. बाहेरच्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. तहसील कार्यालयाच्या आवारात ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून पहिल्याच अर्जाला जोडलं, तर एक फेरी वाचते. पत्नीच्या नावात फरक असेल तर ते काम पदकाच्याही आधी करावं, कारण तिथं पेन्शन अडकतं. आता संरक्षण खात्याचं पेन्शन ‘स्पर्श’ या संगणक प्रणालीवर गेल्यापासून नावातला फरक लगेच नडतो.

अर्ज पाठवायचा तो ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं आपल्या नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, गार्ड्‌सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर पाठपुराव्याला एक बाजू मिळते. पलटण नेमकी कुठं होती यावर अडलं, तर युद्धदैनंदिनीचा संदर्भ मागता येतो. संरक्षण मंत्रालयानं २०२१ च्या जूनमध्ये धोरण ठरवलं, की असे अभिलेख साधारणपणे २५ वर्षांत खुले करावेत आणि त्याहून जुने तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावेत. तरीही नकारच आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे, आणि न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात माजी सैनिकांच्या वारसांचाही समावेश आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. तिथवर जायची वेळ बहुतेकांवर येऊ नये.

आमच्यावर आली नाही, याचं श्रेय रेकॉर्ड ऑफिसातल्या एका हवालदाराला आहे. शीट रोलवरचा पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक घेऊन त्यानं पलटणीचे जुने बांधीव गठ्ठे स्वतः उलगडले आणि तारीख ताडून दिली. आमच्या सटाण्यात दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडणाऱ्या मामलेदाराचं देऊळ आहे, यशवंतराव महाराज देवमामलेदारांचं. सरकारी खुर्चीतला माणूस मनावर घेतो तेव्हा काय होतं, हे आमच्या गावाला नव्यानं सांगावं लागत नाही. पण त्या हवालदाराच्या हातात तो क्रमांक आमच्या अर्जातून गेला होता, हेही तितकंच खरं. नुसतं ‘आमचे वडील लढाईत होते’ असं लिहिलं असतं, तर तो तरी कुठला गठ्ठा सोडणार होता?

एका गोष्टीवरून घरात वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, १९६५ ला नाना नोकरीत होते, मग समर सेवा स्टारही मागू. पण त्या वेळी त्यांचं युनिट लढाईच्या टापूत नव्हतं. नाना स्वतःच तसं सांगायचे. मी तो मुद्दा अर्जात येऊ दिला नाही. तसंच, दीर्घ सेवा आणि सद्वर्तनाचं म्हणून जे पदक असतं ते निवडीनं आणि मोजक्यांना मिळतं. ते नाही म्हणजे अन्याय झाला असं नाही. न कमावलेलं एक पदक यादीत घुसवलं, की कमावलेल्या तिन्हींकडे संशयानं बघितलं जातं. आणि ज्यांनी ते खरंच कमावलं त्यांचा तो अपमान आहे.

छावणीच्या बाजारात कुठल्याही पदकाची नक्कल मिळते. काही घरं ती आणून फ्रेम करतात आणि काम झालं असं समजतात. सरकारी पदकावर सहसा जवानाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं, ते बोटानंही जाणवतं. बाजारातल्यावर ते नसतं. नकलेनं भिंत भरते, अभिलेखातला रकाना रिकामाच राहतो.

नानांच्या नावे पश्चिमी स्टार, संग्राम पदक आणि पंचविसाव्या वर्षाचं पदक अशा तिन्ही नोंदी आता झाल्या आहेत, आणि त्या पार्ट टू ऑर्डरची प्रत आईच्या नावानं घरी आली आहे. पदकं यायची आहेत. जुनी पदकं मिळायला वेळ लागतो. पैसा यात काही नाही. सेवा पदकांना भत्ता नसतो, तो शौर्य पदकांना. शेजारच्या एकानं विचारलं, मग एवढा खटाटोप कशाला? आईनंच उत्तर दिलं, की ते तिथं होते, हे लिहिलेलं असावं.

रेकॉर्ड ऑफिसं अधूनमधून माजी सैनिकांच्या मेळाव्यात आपलं टेबल मांडतात. पुढचा मेळावा कधी आणि कुठं आहे ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारून ठेवा. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यू दाखला, आधार आणि नावाचं प्रतिज्ञापत्र यांच्या प्रती दोन-दोन घ्या, मूळ कागद दाखवून लगेच परत पिशवीत ठेवा, आणि टेबलावरच्या माणसाला पहिला प्रश्न शीट रोलचा विचारा.