बाँड बांधण्याआधी ऐकून ठेव

बाळा, रत्नागिरीत सर्व्हर सांभाळायला बसतोयस, तर आधी एवढं ध्यानात घे: दोन लॅनपोर्ट जोडून केलेला बाँड बिघाड पोटात घालतो. एक तार मेली तरी ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून ज्याने बाँड बांधला, त्यानेच त्याची विचारपूस करत राहायची.

मोड नेमका लिही. काहीच सांगितलं नाहीस तर लिनक्स मोड ० धरतो. त्यात पॅकेटं आळीपाळीने दोन्ही तारांवर जातात आणि स्विचवर त्या पोर्टांचा गट केलेला नसेल तर घोटाळा होतो. पतसंस्था, दवाखाना, छोटा कारखाना यांना मोड १, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअप, पुरतो. एक तार राबते, दुसरी तयार असते आणि साधा स्विचही चालतो. वेग वाढवायचा असेल तरच मोड ४, एलएसीपी. त्यासाठी स्विचवरही तसं सेटिंग करावं लागतं. तरीही एकाच कॉपीला एकाच तारेचा वेग मिळतो. फायदा दिसतो तो अनेक जण एकदम काम करतात तेव्हा.

आयपी पत्ता बाँडला दे, आतल्या कार्डांना देऊ नकोस. एमआयआयमॉन १०० ठेव, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी तार तपासली जाते. तिथे ० राहिला तर ही तपासणी बंदच असते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. स्विच चालू झाल्या झाल्या पोर्टचा दिवा लागतो, पण जुन्या स्पॅनिंग ट्रीत ते पोर्ट आणखी ३० सेकंद डेटा सोडत नाही. म्हणून अपडिले, म्हणजे लिंक आल्यावर ती तार वापरायला घेण्याआधी थांबायचा वेळ, त्याहून जरा जास्त दे, तोही एमआयआयमॉनच्या पटीत.

हे सगळं एसएसएचवरून करायला जाऊ नकोस. कन्सोलसमोर बस, मधेच नेटवर्क तुटलं तर आत शिरायला वाट उरते.

आता तारांचं. होडीला दोन दोर लावून दोन्ही एकाच खुंटाला बांधले, तर खुंट उखडल्यावर दोन्ही गेले. मोड १ असेल तर दोन तारा दोन वेगळ्या स्विचना जोड, ते स्विच वेगवेगळ्या यूपीएसवर ठेव. कार्डही शक्यतो वेगळी घे. कार्ड बिघडलं तर त्यावरची दोन्ही पोर्टं एकदम जातात. आणि रॅक तळमजल्यावर नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तसल्या पाण्यापुढे कुठलाही मोड चालत नाही.

आपली हवा खारी. कनेक्टरच्या पिना हळूहळू गंजतात, लिंक क्षणभर जाते आणि परत येते. बाँड ते निभावून नेतो, पण नोंद ठेवतो. प्रॉकखालच्या नेट फोल्डरात बाँडिंग आहे, त्यातली बाँड० ही फाईल उघड. प्रत्येक कार्डाखाली लिंक फेल्युअर काउंट दिसेल. गेल्या खेपेपेक्षा तो आकडा वाढलेला दिसला, की तार बंद पडायची वाट न बघता कनेक्टर बदल.

मृग लागण्याआधी, आगोटीच्या कामांतच हे एक काम धर. दुसऱ्या मशीनवरून पिंग चालू ठेव आणि चालती तार उपट. पिंग एखाद-दुसरा चुकून पुढे चालला पाहिजे आणि त्याच फाईलीत करंटली ॲक्टिव्ह स्लेव्हसमोर दुसऱ्या कार्डाचं नाव आलं पाहिजे. मग पहिली जोड, ती वर आल्याची खात्री कर आणि दुसरी उपटून बघ. दोन्ही बाजूंनी पास झाला तरच तो बाँड भरवशाचा. तारीख आणि काउंट वहीत लिहून ठेव. तुझ्यामागून येणाऱ्याला तिथूनच सुरुवात करता येईल.