आरंभींच्या यादींतील नकोसें नांव

सन २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टींत गंगाखेडांतील एका पालकांनीं आम्हांस मुद्दाम घरीं बोलाविलें. त्यांचा संगणक सुरू होतांच निळ्या पडद्यावर दोन नांवें उभीं राहत: 'विंडोज ११' व 'विंडोज १०'. कोणीं कांहींच निवडलें नाहीं, तर अर्धा मिनिट थांबून तो आपण होऊन पहिल्या नांवाकडे वळे. गैरसोय क्षुल्लक खरी. परंतु दहावींत शिकणारा त्यांचा मुलगा तिच्यावर जो उपाय योजूं पाहत होता, तो क्षुल्लक नव्हता.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. तत्पूर्वींच या घरीं नवी डिस्क बसवून तिजवर विंडोज ११ घातलें होतें. जुनी डिस्कही आंत तशीच होती. ती समूळ पुसली कीं नांव आपोआप जाईल, असा मुलाचा तर्क.

विद्यार्थी मित्रहो, शाळा सोडून गेलेल्या मुलाचें नांव पटावरून कमी केलें नाहीं, तर हजेरीच्या वेळीं तें रोज पुकारलें जातें. संगणकाच्या या पटास 'बूट कॉन्फिगरेशन डेटा' म्हणतात. एक्सपीच्या काळीं हें काम 'बूट डॉट आयएनआय' नांवाची साधी फाइल करी. हल्लींच्या संगणकांत पट 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' या अगदीं लहान कप्प्यांत असतो. आणि जुनी डिस्क जोडलेली असतांना नवें विंडोज घातलें, तर पुष्कळदां तो जुन्या डिस्कवरच राहतो. आम्हीं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहिलें, तों येथेंही तसेंच निघालें. जुनी डिस्क पुसली असती, तर नांवाबरोबर पटही गेला असता, आणि नवें विंडोज शाबूत असूनही संगणक सुरू झाला नसता! मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

प्रथम घरचीं छायाचित्रें व दुकानाचे हिशेब दुसरीकडे उतरवून घेतले. (बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्लीही आधीं कागदावर लिहून ठेवावी, असे फेरफार केल्यावर संगणक ती मागूं शकतो.) मग विंडोज व आर या कळा एकत्र दाबून 'एमएसकॉन्फिग' लिहिलें व 'बूट' हें पान उघडलें. ज्या ओळीपुढें 'करंट ओएस' असतें, ती आपली चालू ओळ; तिला हात लावूं नये. दुसरी ओळ निवडून 'डिलीट' केलें. पुन्हां सुरू करतां यादी दिसलीच नाहीं. त्यानंतर जुन्या विंडोजचा मोठा कप्पा तेवढा रिकामा केला; लहान कप्पा राहूं दिला. जुनी डिस्क काढावयाचीच असेल, तर 'बीसीडीबूट' या आज्ञेनें पट आधीं नव्या डिस्कवर मांडावा लागतो. तें काम जाणत्या माणसासमक्ष करावें.

लिनक्सची गोष्ट निराळी. त्याची यादी 'ग्रब' दाखवितो आणि ती एमएसकॉन्फिगमध्यें सांपडत नाहीं. लिनक्सचा कप्पा आधींच पुसला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेंच उरण्याचा संभव असतो. म्हणून संगणकाच्या मूळ सेटिंगमध्यें जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणावा, विंडोज नीट सुरू होतें असें पाहावें, आणि मगच कप्प्यास हात घालावा.