सातपुड्यात गाडी घालण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न सुरू होतो. "डॉक्टर, पोरांना घेऊन दोन दिवस तोरणमाळला जाऊन येतो, सोबत कोणत्या गोळ्या ठेवू?" कुणी पालला निघालेले असते, कुणी मनुदेवीला, तर कुणी सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर लग्नाला. हल्ली बोलेरोसारख्या उंच गाड्या बऱ्याच घरी आल्या आहेत. त्यामुळे डांबरी सडक संपली तरी माणूस थांबत नाही. नदीच्या वाळूतून, नाल्याच्या गोट्यांवरून गाडी पुढे घालतो. गोळ्या मी सांगतोच. पण सोबत न्यायच्या सामानात गोळ्यांचा नंबर बराच खाली लागतो, म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

सप्टेंबर २०२१ मधली बातमी वाचकांना आठवत असेल. धडगावकडे जाणाऱ्या चांदशैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा दवाखान्याच्या दिशेने पायी निघाला, आणि ती वाटेतच गेली. तिथल्या लोकांचा तो रोजचा रस्ता आहे. आपण मात्र हौसेने जातो. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, धुळ्याला आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. हे सगळे खरे. परंतु दरड पडली, नाल्याला पाणी आले किंवा दरीत मोबाइलला रेंज मिळाली नाही, तर त्या वेळेपुरते यातले काहीच आपल्याजवळ नसते. म्हणून सामान बांधताना एकच हिशेब धरावा: गाडी अडकली तर दवाखान्यात पोचायला किती तास लागतील? मी पुरते चोवीस तास धरायला सांगतो.

आता पहिली गोष्ट पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात नुसते सावलीत बसलेल्या माणसालाही दिवसाकाठी पाच लिटर पिण्याचे पाणी धरावे. गाडी ढकलणारा, चाक बदलणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. मुक्काम एक दिवसाचा असला तरी पाणी दोन दिवसांचे घ्या. पाच माणसे, दोन दिवस, म्हणजे ५० लिटर, अर्थात वीस लिटरचे अडीच कॅन. हा आकडा ऐकून लोक हसतात. "एवढे पाणी ठेवले तर सामान कुठे ठेवू?" असेही विचारतात. सामान कमी करा, हे माझे उत्तर. सगळे पाणी एकाच भांड्यात मात्र नको. एक कॅन फुटला तरी दुसरा हाताशी राहिला पाहिजे.

रेडिएटरचे पाणी वेगळे न्यावे आणि त्या कॅनवर तसे ठळक लिहावे. अडचणीच्या वेळी रेडिएटरमधलेच पाणी काढून प्यावे असे कुणी सुचवील, तर ऐकू नका. त्यात कूलंट असते आणि ते विषारी आहे. मूत्रपिंडे निकामी होतात. तीच गोष्ट डिझेलच्या कॅनची. पाण्याचा आणि इंधनाचा कॅन एकसारखा असू नये. अंधारात तहानलेले मूल वासाची पारख करीत बसत नाही. नळी तोंडात धरून डिझेल ओढण्याची आपल्याकडची पद्धतही घातक आहे. घोटभर डिझेल पोटात जाण्यापेक्षा थेंबभर फुप्फुसात गेलेले अधिक वाईट. गेलेच, तर ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना ते पुन्हा श्वासनळीत उतरते. उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडून चेहरा आणि छाती भाजून घेतलेले ड्रायव्हर तर मी दर उन्हाळ्यात पाहतो. अर्धा तास थांबावे, बोनेट उघडे ठेवावे, चहा घ्यावा. इंजिन कुठे पळून जात नाही.

पाणी पुरवायचे म्हणून तहान मारू नये. वाचवायचा तो घाम. यासाठी सोबत एक ताडपत्री आणि वीस-पंचवीस हात दोर घ्या. ती गाडीच्या बाजूला ताणून सावली करा, दुपारी बारा ते चार स्वस्थ बसा, खोदणे-ढकलणे सकाळ-संध्याकाळ करा. बंद गाडीत बसू नका. उन्हातली बंद गाडी म्हणजे भट्टी, आणि तिच्यात मूल पाच मिनिटेसुद्धा एकटे ठेवू नये. गाव जवळ आहे याची खात्री नसेल तर गाडी सोडून चालत सुटू नका. शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

घाम फार गेला, जुलाब-उलट्या झाल्या, तर नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठ-साखरही लागते. जलसंजीवनीची दहा पाकिटे गाडीतच असू द्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, छोटे २०० मिलिलीटरसाठी. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात सगळे पाकीट ओतायचे. थोडी पुडी, अंदाजे पाणी, असे करू नये. दुकानात त्याच रांगेत ठेवलेला गोड फळरसाचा खोका म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा गाडीत ठेवायला विसरू नका; मुठीने-चिमटीने मीठ जास्त पडते आणि लहान मुलाला ते बाधते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ होती. सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. इतके साधे औषध, म्हणून लोकांना त्याची किंमत वाटत नाही!

उष्माघात कसा ओळखावा? माणूस बरळू लागतो, चाल अडखळते, अंग चटका बसेल असे तापते, पुढे शुद्ध जाते. यावर तापाची गोळी उपयोगी नाही. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी शिंपडा आणि पुठ्ठ्याने, उपरण्याने सतत वारा घाला. मानेखाली, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. हे करीत करीतच दवाखाना गाठायचा. खिशातल्या कांद्याबद्दल मला दर वर्षी विचारतात. कांदा भाकरीबरोबर उत्तम. खिशात ठेवून ऊन लागायचे थांबत नाही, पण ठेवणाऱ्याशी मी भांडत नाही. टोपी-रुमाल मात्र डोक्यावर असू दे.

जवळचे पाणी संपले आणि झऱ्याचे किंवा झिऱ्याचे घ्यावे लागले, तर चौपदरी कपड्यातून गाळून खळखळून उकळावे. क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. प्रमाण वेष्टनावर पाहून टाकाव्या आणि अर्धा तास थांबावे. डोंगरातले पाणी निवळशंख दिसते, म्हणून ते शुद्ध असतेच असे नाही.

खाण्याची काळजी आपल्या बायकांना सांगायला नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे. केळी आपल्या घरची असली तरी तापल्या गाडीत संध्याकाळपर्यंत त्यांचे शिकरण होते.

सापाविषयी थोडे जास्त लिहितो, कारण चुका इथेच फार होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. चौघांवर एकच सर्पविष प्रतिबंधक लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. ती विकत घेऊन गाडीत ठेवावी का, असे सुशिक्षित लोकही विचारतात. नको. ती शिरेतून द्यावी लागते, एकदोन नव्हे तर अनेक कुप्या लागतात, आणि काहींना तिची जबर रिअ‍ॅक्शन येते. ती सांभाळायला डॉक्टर आणि साधने जवळ हवीत. गाडीत ठेवायच्या त्या तीन-चार क्रेप बँडेज, हातभर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या, वही आणि पेन. चावलेला हात वा पाय हाड मोडल्यासारखा पट्टीला बांधून स्थिर करा. बांधणे बेताचे, खाली बोट सहज सरकेल इतके. दोरीने आवळून रक्त थांबवणे, ब्लेडने चीर देणे, तोंडाने चोखणे यातले काही करू नये. आवळलेला पाय काळा पडून कापावा लागतो. अंगठी, जोडवी, कडे, घड्याळ लगेच काढा; सूज आल्यावर ते निघत नाही. पेशंटला चालवू नका. झोळी करून गाडीपर्यंत आणा आणि धीर द्या, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात. वहीत चावल्याची वेळ लिहा. पापण्या जड झाल्या, बोलणे बोबडे झाले, हिरड्यांतून रक्त आले, तर त्या वेळाही लिहा. ही वही डॉक्टरला फार उपयोगी पडते. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका, आणि भगताकडे तर नकोच.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते आणि डोळे मिटू लागतात. म्हणून उघड्यावर मुक्काम असेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डासांचाही बंदोबस्त होतो. सकाळी बूट झटकून घाला. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर ते नुसत्या वेदनेचे प्रकरण नाही. हृदयावर ताण येतो. त्यावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केले आणि पूर्वी दगावणारी पुष्कळ मुले वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण तेही डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायचे.

जखमेसाठी साबणाची वडी, निर्जंतुक गॉज आणि एक धुतलेले जुने धोतर. रक्त वाहत असेल तर घडी घालून दहा मिनिटे सलग दाबून धरा, मधूनमधून उचलून बघू नका. ग्रीस, तंबाखू, हळद जखमेत भरू नये.

आणि हो, गोळ्या. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या, म्हणजे रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, दम्याच्या, फिटच्या गोळ्या ठरल्यापेक्षा तीन दिवस जास्त घ्याव्यात. दम्याचा पंप आणि जिभेखालची गोळी डिकीत नव्हे, खिशात. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारून घ्या. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवले तर वाया जाते. लहान मडक्यात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळा, सावलीत राहील असे पाहा, आणि साखरेची पुडी बरोबर असू द्या.

स्टेपनीत हवा आहे का, ते निघण्यापूर्वी बघा. जॅकखाली घालायला लाकडी फळी घ्या, कारण वाळूत जॅक रुततो. फावडे, बॅटरी, सुटे सेल, शिट्टी, काडेपेटी घ्या. पावसाळ्यात जाणार असाल तर नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. फूटभर वाहते पाणीसुद्धा लहान गाडीला उचलते. दुपारी आलेला नाला पुष्कळदा संध्याकाळी उतरतो, तेवढे थांबावे.

निघताना घरी एक चिठ्ठी ठेवा. तीत वाट कोणती, गावे कोणती, सोबत कोण, गाडीचा नंबर आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला किंवा पोलीस ठाण्याला कळवायचे, एवढे असावे. ही वेळ लिहिताना दोन तास जादा धरा, नाहीतर नुसते पंक्चर झाले तरी घरची मंडळी साऱ्या गल्लीला उठवतील.